कारस्थान, सिद्धांत आणि वहीम

प्रश्न असा आला आहे: 'साठच्या दशकातले लॉस एंजेलिसचे रॉक गायक अमेरिकी लष्कराच्या हेरखात्याने पेरलेले होते, असं वाचलं. अशा गोष्टीला षड्यंत्र सिद्धांत म्हणावं का? आणि मिलिटरी इंटेलिजन्सला मराठीत काय म्हणायचं?'

दुसरं आधी सांगतो. लष्करी गुप्तवार्ता. परवा एका व्हिडिओत 'लष्करी बुद्धिमत्ता' ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या राज्य गुप्तवार्ता विभागाच्या नावातच हा शब्द आहे, तो घ्यायला काय हरकत होती?

आता 'षड्यंत्र सिद्धांत'. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडायचा, त्याचं खंडन करायचं आणि सिद्ध होऊन शेवटी जे उरतं, तो सिद्धांत. भास्कराचार्यांनी ११५० साली ग्रंथाला 'सिद्धांतशिरोमणि' नाव दिलं ते गणित मांडून. ज्याचा पूर्वपक्षही धड उभा राहत नाही, त्याला हा मान द्यायचा नाही. 'षड्यंत्रा'चं मूळ काही पंडित मारण, उच्चाटन वगैरे षट्कर्मांत, म्हणजे तंत्रविद्येतल्या सहा कर्मांत, शोधतात. मला हे साफ अमान्य आहे. कर्म वेगळं, यंत्र वेगळं. 'सहा' जुळले म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही.

आपला खरा शब्द 'कारस्थान'. याच्यावर माझा जीव आहे. मूळ फारसी 'कारस्तान'. कार म्हणजे काम, आणि फारसीत आजही नाव काढण्याजोग्या मोठ्या कामगिरीला हा शब्द लावतात. मराठीने 'स्तान'चं 'स्थान' केलं. भाषाशुद्धीवाले याला भ्रष्ट रूप म्हणोत, पण फारसी 'स्तान' आणि संस्कृत 'स्थान' ही एकाच कुळातली भावंडं आहेत. मराठीने त्यांची गाठ घालून दिली. आणि बारभाईंचं कारस्थान आठवा. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, मग सखारामबापू, नाना फडणीस आदी मंडळींनी राघोबादादांना दूर सारून सवाई माधवरावांच्या नावाने राज्य सांभाळलं. इथे 'कारस्थान' ही शिवी नाही. माझं ठाम मत आहे की त्यात फारसीतला 'मोठी कामगिरी' हा अर्थ जिवंत आहे.

म्हणजे कारस्थानात काहीतरी केलेलं असावं लागतं. रॉक गायकांच्या या गोष्टीत काय केलेलं दिसतं? 'द डोअर्स' या बँडचा गायक जिम मॉरिसन. त्याचे वडील, जॉर्ज स्टीफन मॉरिसन, नौदलात रिअर ॲडमिरल होते आणि ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातल्या अमेरिकी नौदलाची सूत्रं त्यांच्याकडे होती. दुसरा रॉक गायक फ्रँक झापा. त्याचे वडील मेरीलँडमधल्या एजवूडला, रासायनिक शस्त्रांच्या कोठारात कामाला. वायुगळती झालीच तर म्हणून घरात प्रत्येकासाठी गॅस मास्क ठेवलेला असे. हे गायक जिथे राहत त्या लॉरेल कॅन्यनमध्ये हवाई दलाचा चित्रपट स्टुडिओही होता, अणुचाचण्यांच्या फिल्म तिथे तयार होत. हे सगळं खरं आहे. पण दुसऱ्या महायुद्धात सुमारे दीड कोटीहून जास्त अमेरिकनांनी गणवेश चढवला होता. त्या पिढीतल्या कोणाच्याही बापाचा लष्कराशी संबंध निघेल. मॉरिसनने तर सुरुवातीच्या प्रसिद्धीपत्रकात आईवडील वारले असं छापू दिलं होतं, वडील जिवंत असताना. मला त्यात बापलेकांचं तुटलेपण दिसतं, हेरगिरी दिसत नाही.

यासाठी मराठीत शब्द तयार आहे: वहीम. अरबी 'वह्म', म्हणजे मनाची कल्पना, भ्रम. मराठीत तो संशय या अर्थाने रुळला. 'हेरगिरीचा वहीम' म्हणा, 'कारस्थानाचा वहीम' म्हणा. लिहिताना एवढं सांभाळा: 'वहीम'मधली 'ही' दीर्घ, पण 'वहिमाने', 'वहिमाचा' लिहिताना ऱ्हस्व.