स्पार्क प्लगचा रोबो आणि मोरीतली साडेपंचवीस इंच जागा

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. दहावीनंतर त्याने आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड केला. वर्षभर एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात हेल्पर होता. ते सोडून साठवलेल्या पैशांतून त्याने इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर घेतला. आमची भांडुपला बैठी चाळ आहे, दारापुढे दहा बाय सहाची मोकळी जागा. तिथे तो मोबाइलवर बघून वस्तू बनवतो. आठ महिन्यांत तीनच विकल्या, त्यातल्या दोन नात्यात. वडील म्हणतात, मशीन विक आणि नोकरीला लाग. तो म्हणतो, फक्त योग्य वस्तू सापडायला हवी. काय बनवलं तर खपेल आणि दोन पैसे सुटतील, हे सांगाल का?
– एक आई, भांडुप

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. स्पार्क प्लग आणि नट-बोल्टांचा तो रोबो खरंच देखणा झालाय. वेल्डिंगचे टाके बारीक आहेत, कुठे गुठळी नाही, उडालेले थेंबही घासून काढलेत. पोराच्या हाताबद्दल मला काळजी नाही. पण त्याला चार दिवस लागले आणि तो मावशीच्या शोकेसमध्ये जाऊन बसला, तोही फुकट, असं तुम्ही लिहिलंय. घोडं तिथे अडलंय.

मोबाइलवर ज्या याद्या तो बघतो, त्या ज्यांच्या घरामागे अंगण आणि बाजूला गॅरेज असतं त्यांच्यासाठी केलेल्या असतात. शेकोटीचं कुंड, गाडीमागचा ट्रेलर, बागेचं फाटक, दारूच्या बाटलीचा स्टँड. भांडुपच्या चाळीत शेकोटीचं कुंड कोण घेणार आणि ठेवणार कुठे? शोभेच्या वस्तूला गिऱ्हाईक मिळतं, पण ते बघून ‘वा’ म्हणतं, किंमत ऐकून ‘बघू’ म्हणतं.

मुंबईकर पैसे कशाला मोजतो, हे मला माझ्याच घरात कळलं. गेल्या वर्षी मोरीत वॉशिंग मशीनखाली ठेवायला मी स्टँड करून घेतला. करणाऱ्याने टेप काढली नाही, विती मारून माप घेतलं. स्टँड आला सव्वीस इंचांचा, भिंत आणि कट्ट्यामधली जागा साडेपंचवीस. मग आडव्या पाइपा कापल्या, पुन्हा जोडल्या, घाईत जोडावर नुसता काळा रंग फासला. पहिल्या पावसाळ्यात नेमक्या त्या जोडांतून तांबूस ओघळ लादीवर उतरले. तरीही मी पुन्हा करूनच घेईन, कारण साडेपंचवीस इंचांचा स्टँड कुठल्याही दुकानात तयार मिळत नाही.

या शहरात प्रत्येक घरात अशी एक अडनिडी जागा असते. फ्रिज आणि दाराच्या मधली, पलंगाखालची, पाण्याच्या पिंपामागची. तयार फर्निचर तिथे बसत नाही. तुमच्या मुलाने विकायचं ते माप. डिझाइन एकच ठेवायचं आणि मापं गिऱ्हाइकाची. डिझाइन एकच असलं की हात बसतो, आणि माप वेगळं असलं की दुकानाशी भावाची झटापट करावी लागत नाही.

मी त्याच्या जागी असतो तर तीनच वस्तू धरल्या असत्या : वॉशिंग मशीन किंवा पिंपाचा स्टँड, कुंड्यांचा पायऱ्यांचा स्टँड, आणि गणपतीच्या मखराची सुटी होणारी फ्रेम.

कुंड्यांच्या स्टँडचा हिशेब मांडून दाखवतो, कारण ‘दोन पैसे सुटतील का’ हा तुमचा खरा प्रश्न आहे. 20 मिलिमीटरचा चौकोनी पाइप, 16 गेजचा, म्हणजे 1.6 मिलिमीटर जाडीचा. वीस फुटांच्या एका लांबीचं वजन साधारण 5.6 किलो भरतं. तीन पायऱ्यांच्या स्टँडला दोन लांब्या, म्हणजे सव्वाअकरा किलो. भाव रोज हलतो, आपण किलोला 70 धरू. लोखंड 790 रुपयांचं. वेल्डिंगचा रॉड, कटिंग व्हील, घासायची फ्लॅप डिस्क, रेड ऑक्साइडचा प्रायमर, रंग आणि पायाचे रबरी बूट मिळून 210 धरा. झाले हजार. पोचवायला टेम्पोचा वाटा 150. स्टँड 1,700 ला गेला तर हातात राहतात 550.

आता वेळ. कापायला 40 मिनिटं, गुण्यात (काटकोनाच्या पट्टीत) धरून टाके मारायला आणि पूर्ण जोडायला 50 मिनिटं, घासायला दीड तास, रंगाच्या दोन हातांना मिळून एक तास. चार तास. म्हणजे तासाला 137 रुपये. त्यातून वीज, मशीनची झीज आणि गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलेली संध्याकाळ वजा करा.

यात सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला ते बघा. घासण्यात. रोबोचे चार दिवसही बहुतेक तिथेच गेले असतील. लोखंड किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त मिळालं तर या स्टँडमागे वीस-बावीस रुपये वाचतील, तेवढ्यासाठी पोरं कळंबोलीच्या लोखंड बाजारापर्यंत जातात. दोन-चार लांब्यांसाठी तो खटाटोप करू नये, जवळच्या दुकानातून घ्यावं. फक्त माल काट्यावर वजन करून घ्यावा, कारण 16 गेज सांगून पातळ पाइप गळ्यात मारणारेही असतात. वीस फुटांच्या लांबीचं वजन पाच किलोच्या खाली आलं, तर समजावं काय ते.

वेळ वाचवायचा उपाय म्हणजे फर्मा. जाड प्लायवर किंवा लोखंडी पत्र्यावर अँगलचे तुकडे ठोकून साचा करायचा. पाइप त्यात टाकला की काटकोन आपोआप येतो, दरवेळी गुण्या लावायला नको. रुंदी बदलायची असेल तर एका बाजूचा अँगल सरकवता येईल असा ठेवायचा. पाच स्टँडचा माल एकदम कापायचा, एकदम टाके, एकदम प्रायमर. जोड दिसणार नाहीत अशा बाजूला घ्यायचे, म्हणजे घासणंच कमी. असं करून चाराचे अडीच तास झाले, तर तेच 550 रुपये तासाला 220 पडतात. स्टँड तोच आणि भावही तोच.

आणि हो, 16 गेजच्या पाइपला 2.5 मिलिमीटरचा रॉड लावायचा, करंट कमी ठेवून. 3.15 चा जाड रॉड लावला की पातळ पाइपला भोक पडतं, मग ते बुजवण्यात अर्धा तास जातो. त्याला हे आयटीआयत शिकवलं असेल, पण घाईत माणूस मशीनला लावलेलाच रॉड वापरतो.

मखराची फ्रेम ही माझी आवडती कल्पना आहे, कदाचित मी लालबागजवळ वाढलो म्हणूनही असेल. राज्यात 2018 मध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली. तेव्हापासून घरोघरी पुठ्ठा, कापड, कागदी फुलं आणि त्यांना धरायला काहीतरी असा प्रकार चालतो. ते ‘काहीतरी’ बहुतेकदा बांबू आणि सुतळी असतं. चौकोनी पाइपची नट-बोल्टवर जुळणारी फ्रेम, कोपऱ्याच्या मापाने केलेली, विसर्जनानंतर सुटी करून पलंगाखाली सरकणारी : दरवर्षी कापड बदला, सांगाडा तोच. वेल्डिंगचं काम थोडं, भोकं पाडायचं जास्त. सगळे दांडे आणि त्यांची भोकं अगदी सारखी आली पाहिजेत, नाहीतर ऐन प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री बोल्ट बसत नाही आणि फोन तुमच्या घरी येतो. ऑर्डर आषाढातच घ्यायची, अर्धे पैसे आगाऊ. श्रावण संपत आल्यावर धावाधाव केली तर रंग वाळायलाही हवा मिळत नाही.

आता काय करायचं नाही, ते त्याला समोर बसवून वाचून दाखवा. लोक त्याच्याकडे एसीच्या बाहेरच्या युनिटचा ब्रॅकेट मागतील, तासाभराचं काम आणि रोख पैसे. नको म्हणायचं. ते युनिट खिडकीबाहेर लटकतं आणि खाली माणसं चालतात. तसंच छताला टांगायचा झोपाळा, शिडी, पोटमाळ्याची फ्रेम आणि खिडकीबाहेर कुंड्या ठेवायची जाळी. टाका वरून छान दिसतो आणि आत धरलेला नसतो, असं नवशिक्याचंच काय, मुरलेल्याचंही होतं. कुंड्यांच्या स्टँडचा टाका सुटला तर माती सांडेल. चौथ्या मजल्यावरच्या ब्रॅकेटचा सुटला तर काय होईल ते मी लिहीत नाही. टाका सुटला तर कोणाला लागणार नाही, अशीच वस्तू पहिली दोन वर्षं निवडावी. बाकीची कामं कोणा जाणत्याच्या हाताखाली करावीत.

जागेचं मला जरा टोचतंय. दहा बाय सहाच्या त्या पट्टीतून शेजाऱ्यांची ये-जा असणार, मुलं खेळत असणार. शेजारी भांडायला येतात ते ग्राइंडरच्या आवाजामुळे, पण खरा धोका वेल्डिंगच्या प्रकाशाचा. ज्या पोराने दुपारी कुतूहलाने दोन मिनिटं बघितलं, त्याच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखं खुपतं आणि आईला कळत नाही काय झालं. तीन बाजूंनी न पेटणारा जाड पडदा हवाच. गॅसचा सिलिंडर स्वयंपाकघरात कुठे आहे तेही बघा, ग्राइंडरच्या ठिणग्या वाटतात त्यापेक्षा लांब जातात. बाहेर भंगारात मिळालेला जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, तर जस्त घासून काढल्याशिवाय जोडायचाच नाही. त्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जुने वेल्डर त्यावर गूळ खातात, दूध पितात. गुळाने तोंड गोड होतं, फुप्फुसातला धूर काही निघत नाही.

शिवाय घरगुती मीटरवर किती धंदा चालवता येतो त्याला मर्यादा असते, ती वीज कंपनीकडे विचारून घ्या. आठवड्याला दोन स्टँड होत असताना कोणी विचारणार नाही कदाचित, पण वाढायचं असेल तर दारातली जागा कामाची नाही. यातून मार्ग आहे आणि तो वडिलांच्या म्हणण्याच्या जवळ जातो.

त्याने पुन्हा गाळ्यात काम धरावं. ग्रिल आणि सेफ्टी डोअर करणाऱ्याकडे, हेल्पर म्हणून नाही, वेल्डर म्हणून. आणि मालकाशी आधीच बोलून घ्यावं, की सुट्टीच्या दिवशी गाळा आणि कटिंगचं मशीन मी भाड्याने वापरीन, माझा माल मी आणीन. बरेच मालक तयार होतात. त्यांनाही छोट्या स्टँडच्या ऑर्डर नको असतात, तसं गिऱ्हाईक आलं तर ते उलट तुमच्या मुलाकडे पाठवतील. पगार चालू राहील, आवाज चाळीबाहेर जाईल, आणि गिऱ्हाइकाशी भाव कसा करायचा हे शेजारी उभं राहून शिकता येईल. मोबाइलवर ते शिकवत नाहीत. घरचं मशीन विकू नका, टाके मारायला आणि गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन दुरुस्तीला ते लागेल.

वडिलांना पक्की नोकरी हवी असेल तर त्यांनाही एक सांगा. माझगाव डॉक आणि नेव्हल डॉकयार्ड, दोन्हीकडे वेल्डरच्या ट्रेडला ॲप्रेंटिस घेतात. जाहिरात आली की वयाची अट बघून अर्ज करावा. तिथे उभ्या आणि डोक्यावरच्या जोडाचं जे वळण हाताला लागतं, ते चाळीच्या दारात लागणं कठीण. त्यानंतर 3जी, 6जी या अवघड स्थितीत जोड मारून दाखवायच्या वेल्डिंगच्या चाचण्या दिल्या की वेल्डरची किंमतच बदलते.

कर्जाची घाई करू नका. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 पर्यंत मिळतं हे खरं, पण सध्या त्याच्याकडे मशीन आहे आणि गिऱ्हाईक नाही. कर्जाने गिऱ्हाईक येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, मात्र करून ठेवा, ती ऑनलाइन आणि फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मालाची वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेपर्यंत आणि माल राज्यातच विकत असाल तर जीएसटीची चिंता नाही.

या रविवारी त्याला मशीन बंद ठेवायला सांगा. एक टेप आणि एक वही घेऊन चाळीतली दहा घरं फिरू दे. काही विकायचं नाही, फक्त विचारायचं : ‘मावशी, घरात कुठली जागा वाया जातेय?’ आणि त्या जागेची लांबी, रुंदी, उंची लिहून आणायची. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा, कारण चाळीतल्या भिंती सरळ नसतात. तीनातलं सगळ्यात कमी भरेल ते माप धरून त्यातून अर्धा इंच वजा करायचा.

वहीच्या त्या पानांचे फोटो मला पाठवा. पहिला फर्मा कोणत्या मापाचा करायचा ते त्यावरून ठरवू.