झुरळाच्या केसाला ‘स्नायू’ नसतो हो!

एका ताईंनी विचारलंय, मुलांसाठी झुरळावर लिहितेय, त्यात ‘केसांना जोडलेले स्नायू’ चालेल का, आणि केस लिहू का रोम. केस लिहा, रोम लिहा, काही बिघडत नाही. स्नायू मात्र अजिबात नको, ताईंना म्हणायचंय नर्व्ह! आपल्या इंदूरात हे सारखं कानावर येतं, हिंदीत स्नायु म्हणजे नर्व्ह, डॉक्टरांच्या पाट्यांवर ‘स्नायु रोग’ वाचून वाचून तेच मराठीत उचललं जातं. मराठीत स्नायू म्हणजे मसल, दंडातला.

त्यात माणसाच्या केसाच्या मुळाशी खरंच बारीक स्नायू असतो, अंगावर काटा येतो तो त्याच्यामुळे, म्हणजे वाचणारं पोर नेमकं चुकीचं समजणार. झुरळाच्या मागच्या टोकाला दोन छोट्या टोकदार शेपट्या असतात, एकेकीवर दोनशेच्या वर धाग्यासारखे केस आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी एकच चेतापेशी, म्हणजे नर्व्ह सेल. चप्पल उगारली की हवा हलते, केस कलतो, संदेश पोटातल्या शेवटच्या चेतागाठीत, तिथून जाड चेतातंतूंमधून थेट छातीकडे, आणि मग पायातले स्नायू (हे खरे!) कामाला लागतात, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत स्वारी पळायला लागलेली असते.

आता खरी गंमत ऐका. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्यात, तिथे स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या आणि पेशी म्हणजे चक्क मसल! हिंदीत ‘मांसपेशी’ अजून आहेच की. माझं ठाम मत आहे की मराठीने पेशीला सेलच्या कामाला लावलं, मसलची जागा रिकामी पडली आणि तिथे स्नायू जाऊन बसला. याच्याच घरातला संस्कृत ‘स्नावन्’ आणि ग्रीक ‘न्यूरॉन’ सख्खे भाऊ, दोघांचा जुना अर्थ तोच, दोरीसारखी शीर, ग्रीकमधे तर धनुष्याची दोरीसुद्धा. म्हणजे न्यूरॉन आणि स्नायू मुळात एकच! म्हणून हिंदीवाले बरोबर असं कोणी म्हणेल, तर हिंदीत बरोबर, मराठीत नाही, शब्दाचा अर्थ आज बोलणारे ठरवतात.

मराठी विश्वकोशाने नर्व्हसाठी ‘तंत्रिका’ घेतलाय, तंत्री म्हणजे वीणेची तार, शब्द देखणा आहे, पण मराठी माणसाला तंत्र म्हटलं की टेक्निकच आठवतं, ही निवड मला मुळीच पटत नाही. आणि ‘मज्जातंतू’वर अडून बसणाऱ्यांनी एवढंच सांगावं, मज्जा असते हाडात, झुरळाला हाड कुठाय? ताई, तुम्ही बिनधास्त ‘चेतातंतू’ लिहा.