आभा कार्ड काढलं की सगळ्या हॉस्पिटलांना वडिलांचे रिपोर्ट दिसतात का?

तुमच्या वडिलांचे उपचार वाळपईचं आरोग्य केंद्र, फोंड्यातले एक खासगी डॉक्टर आणि बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज हॉस्पिटल अशा तीन ठिकाणी चालू आहेत. दर वेळी कागदांची पिशवी घेऊन फिरावं लागतं. आभा काढलं तर ती पिशवी सुटेल का आणि माहिती कोणाच्याही हाती लागेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी गोव्यातल्याच एका खासगी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात १४ वर्षं काम करते. पिशवी इतक्यात सुटणार नाही. तरीही आभा काढा.

आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) हा आरोग्याच्या नोंदींसाठीचा १४ आकडी सरकारी ओळख नंबर आहे, त्यात रिपोर्ट नसतात. रिपोर्ट ज्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये झाला, तिथल्याच सिस्टममध्ये राहतो. तिथे तो तुमच्या नंबरला जोडला गेला, तरच दुसरीकडच्या डॉक्टरांना तो मागता येतो. फोंड्यातल्या डॉक्टरांनी हाताने लिहिलेली चिठ्ठी आपोआप कुठेच जात नाही. ओपीडीतल्या काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला की नाव, वय, लिंग, पत्ता, मोबाईल आणि आभा नंबर अशी ओळखीचीच माहिती जाते आणि टोकन मिळतं. जुने रिपोर्ट त्यातून जात नाहीत. दीनदयाळ योजनेचं कार्ड आणि आयुष्मान कार्ड उपचारांच्या खर्चासाठी असतं, त्यांचा याच्याशी गोंधळ करू नका.

जोडणी अडते ती बहुतेकदा नावावर. आमच्याकडे एकाच बाईच्या तीन फायली निघाल्या आहेत. एक माहेरच्या नावाने, एक लग्नात बदललेल्या नावाने, आणि तिसरीत आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. सिस्टम नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल नंबर पडताळून जुळवते, त्यामुळे आधारवर एक आणि केसपेपरवर दुसरं असेल तर कागद असूनही सापडत नाहीत. वडिलांच्या तिन्ही ठिकाणच्या केसपेपरवर नाव आणि जन्मवर्ष सारखं आहे का, ते आधी बघा. मोबाईल नंबरही बघा. एका आजोबांच्या आभाला दुबईतल्या मुलाचा बंद पडलेला नंबर जोडलेला होता. ओटीपी त्या नंबरवर जायचा आणि ते आमच्या बाकावर ताटकळत बसायचे.

आता नावापेक्षा मोठी गोष्ट. माझ्या आईचा हृदयाचा वॉल्व्ह बदललेला आहे. तिला रोज वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घ्यावं लागतं आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर हा आकडा २.५ ते ३.५ मध्ये ठेवावा लागतो. तीन वर्षांपूर्वी चवथीच्या दहा दिवस आधी तिची दाढ सुजली. जवळच्या क्लिनिकमधून तिला मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक मिळालं. वॉरफरिनसोबत ते घेतलं की रक्त प्रमाणाबाहेर पातळ होतं. त्या क्लिनिकच्या कॉम्प्युटरमध्ये तिचं नाव होतं, बीपीची गोळी होती, वॉरफरिन नव्हतं, कारण ते दुसऱ्या हॉस्पिटलात सुरू झालेलं. गर्दीत आई एवढंच म्हणाली, "हार्टची गोळी चालू आहे." नेवऱ्यांना मुरड घालताना तिची बाही वर सरकली आणि मनगटापासून कोपरापर्यंत पसरलेला काळानिळा डाग मला दिसला. आयएनआर ७.८ निघाला. वॉरफरिन थांबवलं, व्हिटॅमिन के दिलं, आई सावरली. आजही तो हात आठवला की मला बसल्या जागी घाम फुटतो.

वॉल्व्हच्या ऑपरेशननंतरचं तिचं डिस्चार्ज कार्ड स्कॅन करून ठेवलेलं होतं. पण स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. डॉक्टरांनी उघडून वाचला तर उपयोग, नाहीतर कॉम्प्युटर त्यावरून इशारा देऊ शकत नाही. औषधाचं नाव औषधांच्या रकान्यात टाईप झालेलं असेल तरच तो देतो. ॲलर्जीच्या रकान्याचंही तेच. "नाही" आणि "विचारलंच नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण घाईत दोन्हींसाठी "नाही" असंच टाकलं जातं आणि पुढचे सगळे ते खरं धरतात. डिस्चार्जच्या वेळी काउंटर सोडण्याआधी हे दोन रकाने मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही, आलाच तरी सांगा.

कोणीही बघेल का? नाही. डॉक्टरांनी रेकॉर्ड मागितलं की वडिलांकडे परवानगीची विनंती येते. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखांमधले, आणि परवानगी कधी संपणार हे सगळं तिच्यात असतं. तारखा कमी करता येतात, परवानगी नंतर मागेही घेता येते. मात्र तोवर जे वाचलं गेलं ते वाचलं गेलं, म्हणून "हो" म्हणण्याआधी विनंती पूर्ण वाचा. आभा काढणं ऐच्छिक आहे.

माहिती वेळेवर पोचली तर काय होतं, हे गोव्याने पाहिलेलं आहे. हार्ट अटॅकच्या पेशंटसाठीच्या स्टेमी गोवा प्रकल्पात आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोनवर दिसतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पेशंट असेल तिथेच देता येतं. छातीत कळ आलेल्या माणसासाठी वाळपई ते बांबोळी हे अंतर फार मोठं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सगळीकडचे रिपोर्ट आभाला जोडले जाईपर्यंत वडिलांसाठी एक कागद करा. चालू औषधं, डोस, कोणी आणि कधी सुरू केलं, ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं. औषधांची नावं पाकिटावरून उतरवा, आठवणीने लिहू नका. वर तारीख घाला आणि गोळी बदलली की नवा कागद करा. जुनी इनडोअर फाईल हवी असेल तर रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत कागद द्यायचे असतात आणि ३ वर्षं ते जपायचे असतात. त्याहून जुनी फाईल मिळेलच असं नाही, म्हणून आधी जुन्या ॲडमिशनसाठी अर्ज करा.

आणखी काही अडलं तर खाली विचारा. फक्त वडिलांचा आभा नंबर किंवा रिपोर्टचा फोटो इथे टाकू नका.