मे महिन्याच्या सुरुवातीला लहान मुलांना घेऊन मालवणला काय काय बघता येईल?

सकाळी लवकर जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला करा, दहानंतर तिथला कातळ जाम तापतो आणि पोरं रडकुंडीला येतात. १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला चारी बाजूंनी खाऱ्या पाण्यात आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, हे मुलांना आवर्जून दाखवा. दुपारी उन्हात फिरूच नका, जेवून झोपा. संध्याकाळी देवबागला जा, कर्ली नदी समुद्राला मिळते ते बघायला. आणि हो, रतांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा सीझन असतो, अंगणात कोणी सोलं (त्यांच्या साली) वाळत घालत असेल तर विचारून मुलांना थांबू द्या, रसात बुडवून परत उन्हात टाकतात ते बघण्यासारखं असतं. मे अखेरीस पावसामुळे होड्या बंद होतात, सुरुवातीलाच जा.