संगणक-शंका : एक कॉपी केलं की आधीचं जातं

प्रश्न : सर, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आहे. मालाची वेबसाइट मीच सांभाळते, व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये. नवी डिझाइन्स आली की प्रत्येकाचं नाव, माप, जीएसएम (कापडाचं वजन), दर आणि एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) एक्सेलमधून उचलून पानावर टाकायचा. एक कॉपी केलं की आधीचं जातं, म्हणून दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत. मागच्या खेपेला दोन टॉवेलांचे दरच एकमेकांत गेले. पुण्यातला भाऊ म्हणतो, व्हिम हा दुसरा एडिटर शिक, त्यात कॉपी केलेलं ठेवायला सव्वीस कप्पे असतात. शिकू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, व्हिमचं शेवटी बघू. तुमची खरी अडचण दर अदलाबदल होण्याची आहे आणि नुसते कप्पे वाढवून ती जात नाही. कॉपी केलेल्या पंचवीस नोंदींच्या यादीतून डोळ्यांनी एकेक दर निवडायचा म्हटलं, तर चूक तिथेही होणार. तुम्हाला एक्सेलमधला क्रम जसाच्या तसा पानावर उतरायला हवाय, आणि ती सोय व्हीएस कोडमध्ये आधीच आहे.

एका टॉवेलचा एचटीएमएल तुकडा, म्हणजे पानाच्या कोडातला त्याचा भाग, घ्या. त्यात नावाच्या जागी ‘नावइथे’, मापाच्या जागी ‘मापइथे’, दराच्या जागी ‘दरइथे’ असं लिहा. हे शब्द फाइलीत दुसरीकडे कुठेच नसावेत. एचएसएन कोड मात्र तुकड्यातच कायमचा लिहून टाका. सुती टेरी टॉवेलचा कोड ६३०२ पासूनच सुरू होतो, तो दर वेळी उचलायचा कशाला? आता जितकी डिझाइन्स तितक्या वेळा तो तुकडा खाली चिकटवा. मग ‘दरइथे’ हा शब्द निवडून कंट्रोल-शिफ्ट-एल दाबा. तो शब्द जिथे जिथे आहे तिथे तिथे कर्सर उभा राहील. एक्सेलमधला दरांचा अख्खा उभा रकाना कॉपी करून इथे येऊन कंट्रोल-व्ही दाबा. पहिला दर पहिल्या तुकड्यात, दुसरा दुसऱ्यात, असे सगळे दर एका दमात बसतात. ताण्याचे धागे फणीतून आपापल्या जागी जावेत, तसे. नावं, मापं, जीएसएम, सगळं याच रीतीने.

ओळी आणि कर्सर मात्र संख्येने सारखे हवेत. नसतील तर प्रत्येक कर्सरवर अख्खा रकाना चिकटतो. व्हीएस कोडच्या तळपट्टीवर किती निवडी झाल्या ते दिसतं आणि एक्सेलच्या तळपट्टीवर निवडलेल्या खान्यांची मोजणी दिसते; चिकटवण्याआधी दोन्ही आकडे ताडून पाहाच. एक्सेल रिकामा खाना मोजत नाही, तेव्हा दर ठरायचा असेल तिथेही काहीतरी लिहून ठेवा. एकाच खान्यात कुणी ऑल्ट-एंटर मारून नाव दोन ओळींत लिहिलं असेल, तर तिथेही हिशेब चुकतो. मी इथल्या छोट्या कारखान्यांसाठी बिलांचे प्रोग्रॅम लिहितो. त्यांच्या याद्यांमध्ये अशी दोन ओळींची नावं हमखास सापडतात, म्हणून आधी तीच शोधा.

आता कप्प्यांविषयी. व्हीएस कोडमध्ये मुळात क्लिपबोर्डची, म्हणजे कॉपी केलेल्या गोष्टींची, यादी नाही. त्यासाठी एक्स्टेन्शन (वरून जोडायच्या सोयी) मिळतात, पण तुम्हाला विंडोजची सोय पुरेल. विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून ती आहे. विंडोज-व्ही दाबा, विचारलं तर सुरू करा. शेवटच्या २५ नोंदी राहतात. मशीन बंद करून पुन्हा लावलं की त्या जातात. पिन केलेल्या राहतात. कारखान्याचा पत्ता, जीएसटी नंबर असं रोज लागणारं पिन करून ठेवा.

पण ऑफिसचं मशीन दोघं-तिघं वापरत असतील, तर हे फार जपून. कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत उघडा दिसतो. बँकेचं किंवा वेबसाइटचं काम झालं की यादी पुसा, आणि दुसऱ्या उपकरणांशी जुळणी करण्याचा पर्याय बंदच ठेवा.

‘आधीचं जातं’ याचं आणखी एक कारण असू शकतं. काहीही न निवडता कंट्रोल-सी दाबलं तरी व्हीएस कोड कर्सरखालची पूर्ण ओळ उचलतो आणि आधीचं पुसलं जातं. सेटिंग्जमध्ये ‘एम्प्टी सिलेक्शन क्लिपबोर्ड’ शोधून त्याची खूण काढा.

तुमचा भाऊ म्हणतो ते खरं आहे. व्हिममध्ये ए ते झेड अशी सव्वीस नावांची रजिस्टरं, म्हणजे कप्पे, आहेत. मला त्याहून आवडतं ते शून्य क्रमांकाचं. शेवटचं कॉपी केलेलं त्यात राहतं, मध्ये तुम्ही काही खोडलंत तरी. कोड लिहिणं हाच पेशा करायचा ठरवलात तर जरूर शिका, मी मनापासून सांगेन. पण हात बसायला वेळ लागतो, आणि दरांचं पान बरोबर करायचं काम आजचं आहे. ते व्हीएस कोडमध्येच करा.