स्वतः ठरवलेल्या प्रकल्पाचे श्रेयांक: चिंतनलेख कसा लिहावा, आणि ही खिरापत आहे का?

स्वतः आखलेल्या आणि स्वतः पार पाडलेल्या कामासाठी विद्यापीठ तीन श्रेयांक (क्रेडिट) देते, अट एवढीच की शेवटी चिंतनलेख, म्हणजे कामातून काय शिकलो हे सांगणारा लेख, सादर करायचा. तो कसा लिहावा आणि हा सगळा प्रकार श्रेयांकांची खिरापत तर नाही ना, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण ‘खिरापत’ हा शब्द माझ्या स्वतःच्या प्रकल्पाबद्दल माझ्या तोंडावर उच्चारला गेला होता.

खिरापत नाही. श्रेयांक अनुभवाचे नसतात. अनुभवातून जे शिकलात आणि जे पुराव्यानिशी दाखवता येते, त्याचे असतात. खरे शिक्षण अनुभवातून येत असले तरी प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही, हे अमेरिकन शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच मांडून ठेवले आहे. नुसते तास भरणाऱ्याला श्रेयांक मिळत असतील, तर तो दोष तपासणाऱ्याचा आहे.

माझा प्रकल्प सायकलींचा होता. वसतिगृहामागे टाकून दिलेल्या सायकली गंजत पडल्या होत्या. त्यांतल्या सहा दुरुस्त करीन, असे मी शिक्षणकरारात, म्हणजे काय करणार हे सुरुवातीलाच विभागाला लिहून द्यायच्या कागदावर, लिहून दिले. एका श्रेयांकाला २५ ते ३० तास हे युरोपीय पद्धतीचे माप आमच्या विभागाने धरले होते, त्यामुळे निदान ७५ तास भरणे भाग होते. त्यांतले १९ तास एकाच मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढण्यात गेले.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, फ्रेमला खडू टेकवून चाक फिरवले आणि रीम जिथे डावीकडे झुकत होती तिथे पांढरी रेघ उमटली. तिथल्या उजव्या बाजूच्या तारा आवळल्या की रीम उजवीकडे यायला हवी, एवढे मला वाचून माहीत होते. मी आवळत गेलो आणि चाक अधिकच डगमगू लागले. निपलचे, म्हणजे तार रीमला आवळणाऱ्या छोट्या नटाचे, आटे नेहमीसारखेच असतात, पण टायरच्या बाजूने पाहिले तर. मी आतून, हबच्या बाजूने पाहत होतो आणि तिथून आवळण्याची दिशा उलटी दिसते. म्हणजे तासभर मी तारा सैल करत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी निपलची चावी बरोबर फिरवली, डगमग गेली, पण जिथे तिथे फक्त आवळतच गेल्यामुळे चाकाची गोलाई बिघडली आणि ते फिरताना खालीवर उड्या मारू लागले. चौथ्या दिवशी सहज एक तार बोटाने छेडली. ती शेजारच्या तारेपेक्षा अगदी बोद वाजली, आणि ताण एकाच जागी नसून सगळ्या तारांत वाटलेला असतो, हे मला त्या आवाजातून कळले. त्या संध्याकाळच्या नोंदीत मी लिहिले आहे: ‘मी खडूच्या खुणेकडे पाहत होतो, चाकाकडे नाही.’ पुढच्या चाकाला चावी लावण्याआधी मी ३६ तारा एकेक करून छेडल्या. ते चाक दोन तासांत झाले.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेले शिकण्याचे चक्र, म्हणजे अनुभव, त्यावरचे निरीक्षण, त्यातून काढलेला नियम आणि त्या नियमाची नव्या कामावर परीक्षा, ते हेच. बहुतेक चिंतनलेख दुसऱ्या पायरीवर बसकण मारतात. चौथी पायरी दाखवली नाही, तर शिकलो हा केवळ दावा उरतो.

तारखांसह सगळ्या चुका उतरवून मी ११ पानांचा लेख दिला. मार्गदर्शक सरांनी तो चाळला आणि म्हणाले, “हे चिंतन नाही, ही तक्रारवही आहे. सहांपैकी चारच सायकली झाल्या. तीन श्रेयांक म्हणजे काय खिरापत आहे?” मला दोन मिळाले. ‘या अनुभवाने मी समृद्ध झालो, संघभावना शिकलो’ असे लिहिणाऱ्या आमच्याच एका वर्गबंधूला मात्र पूर्ण तीन मिळाले. त्याच्या लेखातले प्रकल्पाचे नाव बदलून तिथे सायकल, नाटक किंवा बाग घातली असती, तरी एकही वाक्य हलवावे लागले नसते. चिंतनलेख ओळखण्याची माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे.

तेव्हा तुम्ही त्याच दिवशी, त्याच हाताने नोंद करा: काय होईल असे वाटले होते, काय झाले, ते का झाले असे आत्ता वाटते, उद्या काय वेगळे करणार. शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिलेली नोंदवही पहिल्या पानावर ओळखू येते, कारण तिच्यात कोणीच चुकीचा अंदाज बांधलेला नसतो. भावना लिहू नयेत असे मी म्हणत नाही. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये सांगितलेल्या चिंतनाच्या सहा टप्प्यांत त्यांना स्वतंत्र जागा आहे. पण ज्या भावनेने निर्णय बदलला, तीच लिहावी. विचारायची लाज वाटली म्हणून माझे पहिले दोन दिवस वाया गेले. ही लाज लेखात असायलाच हवी होती, आणि नेमकी तीच मी गाळली होती.

तुमच्या विभागाने गुणांकनाचे निकष दिले असतील, तर अर्थात माझ्याआधी ते वाचा. आणि करारात आकडे लिहिले असतील, तर ते जमणार नाहीत असे दिसताच करार लेखी बदलून घ्या. सर अगदीच चुकीचे होते असे आज म्हणवत नाही, कारण सहा हा आकडा त्यांनी सांगितलेला नव्हता, तो माझाच होता. करारावर मध्यावधी फेरबदलासाठी एक चौकट छापलेली होती. ती मी कोरी ठेवली होती, आणि त्या दिवशी सरांनी काही न बोलता तिच्यावर बोट ठेवले होते.