शुक्राच्या चित्रातला तो नारिंगी डोंगर आणि त्यावरचे उजळ ओघळ, हा तापलेला लाव्हा आहे का?

तुम्ही माट मॉन्स या ज्वालामुखीच्या चित्राबद्दल तीन गोष्टी विचारल्यात: उजळ ओघळ म्हणजे धगधगता लाव्हा का, बाजूचा काळा भाग म्हणजे सावली का, आणि डोंगर खरोखरच इतका उभा आहे का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मुळात तो फोटोच नाही, रडारच्या मोजमापावरून संगणकावर उभं केलेलं चित्र आहे.

शुक्रावरचे ढग कधी हटतच नाहीत, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याला वरून जमीन दिसत नाही. नासाच्या मॅगेलन यानाने 1990 ते 1992 या काळात रडारने जवळजवळ 98 टक्के पृष्ठभाग टिपला. मी रत्नागिरीत उपग्रहचित्रांवरून नकाशे करतो, त्यामुळे ही अडचण माझ्या रोजच्या ओळखीची. मृग लागला की कोकणचं साधं उपग्रहचित्र म्हणजे नुसता पांढरा कापूस. मग पाऊस ओसरेपर्यंत आमचीही भिस्त रडारवरच.

रडार तिरकं बघतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. त्याची लहर गुळगुळीत जागेवर पडली की पुढे निसटून जाते, परत येत नाही, आणि ती जागा काळी उमटते. खडबडीत जागेवरून ती चहूकडे विखुरते, थोडी रडारकडे परतते, म्हणून ती जागा उजळ. वारा पडलेला असेल तर आमच्या चित्रात जयगडची खाडी डांबर ओतल्यासारखी काळी दिसते आणि तिच्यातल्या मोठ्या होड्या पांढरे ठिपके होतात. तिथे ऊन-सावलीचा काही संबंध नसतो.

आता तुमचे ओघळ. मॅगेलनच्या लहरीची लांबी 12.6 सेंटिमीटर होती. म्हणजे साधारण वीतभराच्या आतबाहेरचे दगडधोंडे जिथे पसरलेत तो लाव्हा उजळ, आणि सपाट थिजलेला लाव्हा काळा. दोन्ही लाव्हाच, दोन्ही थिजलेले. शुक्राच्या पृष्ठभागाचं तापमानच सुमारे 465 अंश सेल्सिअस आहे, पण उजळपणाचा त्या उष्णतेशी काहीही संबंध नाही.

उतार हा दुसरा घोळ. रडारच्या समोर येणारा उतार उजळ दिसतो आणि चित्रात आखडतो, कधी कधी माथा पायथ्याच्याही अलीकडे येऊन पडतो. सह्याद्रीचे कडे आमच्या चित्रांत असेच झुकलेले दिसतात. नवीन पोरं त्यावरून दरीची रुंदी मोजायला जातात तेव्हा मी काही बोलत नाही, आकडा बघून त्यांचं त्यांनाच कळतं. रडार कुठल्या बाजूने बघत होतं हे ठाऊक नसेल तर खड्डा टेकाडासारखा वाटू शकतो. मॅगेलनने पहिल्या फेरीत डावीकडे आणि दुसऱ्या फेरीत मुख्यतः उजवीकडे बघितलं, म्हणून एकाच जागेची दोन चित्रं मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवा.

उजळ दिसण्याचं तिसरं कारण दगडाच्या जातीचं. शुक्रावरच्या उंच पर्वतांचे माथे, उदाहरणार्थ सुमारे 11 किलोमीटर उंचीचा मॅक्सवेल मॉन्टेस, रडारमध्ये लख्ख दिसतात. नुसत्या खडबडीतपणाने एवढी चकाकी येत नाही. तिथे धातूंच्या संयुगांचा थर साचला असावा असं एक मत आहे. गंमत म्हणजे माट मॉन्सचा माथा उंच असूनही तसा चकाकत नाही, आणि तिथला लाव्हा त्या मानाने ताजा असावा या तर्काला त्यातूनच जोर आला.

उंचीचं म्हणाल तर माट मॉन्स सुमारे 8 किलोमीटर उंच आहे, पण पसरलाय शेकडो किलोमीटर. चढ अगदी सौम्य. अशा चित्रांत उभी बाजू मुद्दाम ताणतात, काहींत तर 22.5 पट. नारिंगी रंगही नंतर चढवलेला. व्हेनेरा 13 आणि 14 या सोव्हिएत यानांनी 1982 साली जमिनीवर उतरून रंगीत फोटो पाठवले होते, त्यांवरून तो घेतला. दाट वातावरण निळा प्रकाश गिळून टाकतं म्हणून तिथे सगळं पिवळट-नारिंगी दिसतं. पांढऱ्या उजेडात तेच खडक करडे दिसतील. नकाशावरच्या सरळ कडांच्या काळ्या पट्ट्यांचा अर्थ लावत बसू नका, तिथली माहितीच मिळालेली नाही.

म्हणजे या चित्रांतून ज्वालामुखी जिवंत आहे की नाही हे कळतच नाही? कळतं, पण घाम गाळावा लागतो. 1991 मध्ये आठ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांत माट मॉन्सजवळचं एक मुख सुमारे 2.2 चौरस किलोमीटरवरून साधारण 4 वर गेलेलं दिसलं. रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली यांनी ते 2023 साली प्रसिद्ध केलं. दोन वेळचे कोन वेगळे होते, म्हणून नुसत्या कोनामुळे हा फरक पडेल का, हे त्यांनी आधी संगणकावर तपासलं.

खरेखुरे फोटो बघायचे असतील तर व्हेनेराचे बघा, पण तिथेही जपून. 2012 मध्ये एका रशियन शास्त्रज्ञाला त्यांत विंचवासारखं काही हलताना दिसलं होतं. इतरांनी तपासलं तेव्हा तो फोटो पृथ्वीकडे पाठवतानाचा बिघाड निघाला. यानाच्या पायाशी अर्ध्या चकतीसारखी एक वस्तू दिसते, तिलाही लोक काहीबाही म्हणतात. ते कॅमेऱ्याचं गळून पडलेलं झाकण आहे. जमीन किती कठीण ते दाबून बघणारी व्हेनेरा 14 ची दांडी नेमकी त्या झाकणावरच टेकली, आणि माप निघालं ते झाकणाचं.